सतरा नंबरचं पीक

तीर्थरूप आत्याच्या चरणी,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात. इथे दोन टेबलांच्या मधे माणसाला धड वाकताही येत नाही.) तुझी तब्येत ठणठणीत असणारच, त्यामुळे ती विचारत बसत नाही. माझं मात्र काही खरं नाही. तीन आठवडे खोकतेय, आणि समोर फळीवर अडुळशाच्या अर्काच्या बावीस बाटल्या उभ्या आहेत. पण तो अर्क मिथेनॉलमधला आहे, म्हणजे प्यायले तर खोकला जाईल आणि त्याच्या पाठोपाठ मीही.

आत्या, मी बुडाले गं. येत्या अठरा तारखेला समितीसमोर उभं राहायचंय. सातवं वर्ष आहे, यापुढे मुदत नाही. तू पहिल्या दिवसापासून मला 'डॉक्टरीणबाई' म्हणतेस, आता ती हाक तेवढी बंद कर, कारण प्रबंधाचा जीव ज्या एका प्रकरणात होता ते प्रकरण परवा माझ्या डोळ्यांदेखत खलास झालं. आणि ते कोणी केलं हे तुला कसं सांगू, याच विचारात हा तिसरा कागद खराब होतोय.

आधीपासून सांगते. अडुळशात काय काय असतं हे जगानं केव्हाच शोधून ठेवलंय. खोकल्यावर चालतं ते व्हॅसिसीन, त्याचा भाऊ व्हॅसिसिनोन, आणखी बरीच भावंडं. माझ्यासाठी कोणी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. आमच्या मशीनमध्ये अर्क टोचला की कागदावर उंचसखल रेघ उमटते आणि प्रत्येक उंचवटा म्हणजे एक रसायन. त्याला आम्ही पीक म्हणतो. (शेतातलं नव्हे. 'सतरा नंबरचं पीक कधी काढणार?' असं तू मागे विचारलं होतंस, ते मी सगळ्यांना हसून सांगितलं होतं. आता हसू येत नाही.) तर दुकानातून आणलेल्या पाल्यात सोळा पिकं आली आणि तू अंगणातून पाठवलेल्या पाल्यात सतरावं आलं. चांगलं ताडमाड. मिथाइल सॅलिसिलेट. दुखण्यावर चालणारं रसायन, आणि तेही अडुळशात! आमच्या सरांनी (म्हणजे माझे मार्गदर्शक, ज्यांना तोवर मी एकदाही हसताना पाहिलं नव्हतं) चष्मा काढला, पुसला, आणि ते चक्क हसले. शेजारी मेंथॉल आणि कापराची दोन बारकी पिकं होती, नंबर देण्याइतकीही नव्हेत, त्यांच्याबद्दल सर म्हणाले, 'असतं असं.' म्हटलं, असेल.

मग काय विचारतेस! सरांनी विभागाच्या बैठकीत जाहीर करून टाकलं. तुझ्या मातीत काहीतरी आहे म्हणाले, म्हणून तुझ्याकडून माती मागवली. (पोस्टातल्या माणसानं दोनदा विचारलं, हे नक्की काय आहे.) मातीत काही निघालं नाही. मग पाणी मागवलं, त्यातही काही नाही. तेव्हा सर म्हणाले की झाडाची जातच वेगळी असणार. मी चाळीस पानं लिहिली, आत्या. चाळीस! त्यात तुझ्या अंगणाचा नकाशाही आहे, मोरीसकट.

परवा तुझं नवं पार्सल आलं. प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी (नात्यातल्या नव्हेत, सगळे त्यांना मावशीच म्हणतात) शेजारी फरशी पुसत होत्या. मी पिशवी उघडली, तर त्यांनी मान वर करून एकदाच हुंगलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, कोणाची कंबर धरली?"

पानांना बामचा वास होता! तुझी चिठ्ठी काढून पाहिली. दरवेळी तू तेच लिहितेस आणि दरवेळी मी ते न वाचता पुढे जाते: 'एकेक पान हातानं नीट पुसून पाठवलंय.' मावशींच्या पिशवीतून बामची बाटली मागून घेतली, काडीभर बाम विरघळवला, मशीनला टोचला. आलं सतरा नंबरचं पीक! तिथंच, तेवढंच ताडमाड, शेजारी मेंथॉल आणि कापूर सगळ्या लवाजम्यासह. भिंतभर मशीन, सात वर्षं, एवढे शिकलेले सर, आणि मावशींच्या नाकापुढे सगळे नापास. तू पानं पुसली नसतीस तर मी वाचले असते गं. धुळीचं काही वाटलं नसतं, मायेनंच घात केला.

सरांना अजून सांगितलेलं नाही. ते कालच छापायच्या लेखात तुझे आभार कुठे मानायचे ते विचारत होते.

तुझी भाची
(नुसतीच. पुढे-मागे काही लावू नकोस.)

ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठी लिहिलं की सोबतच्या कोऱ्या कागदावर 'मी कधीही कोणताही बाम लावत नाही' एवढं लिहून खाली सही करून पाठवशील का? अठरा तारखेच्या आत. पुन्हा काही मागणार नाही.

ता. क. २. कागद काढून घेतलाय, पाकिटात शोधू नकोस. तुला खोटं लिहायला लावायचं म्हणजे माझीच मला लाज वाटली. आज सकाळी सरांना सगळं सांगितलं. ओरडले नाहीत. म्हणाले, प्रकरण काढून टाका आणि समितीला जे झालं ते तसंच सांगा. पास करतील असं त्यांना वाटत नाही, मलाही नाही. मग मी दारापर्यंत गेल्यावर त्यांनी विचारलं, "आत्यांचे गुडघे फार दुखतात का हो?"

तुझ्या पानातली सतराच्या सतरा रसायनं मला तोंडपाठ आहेत, आणि हे माहीत नाही.

ता. क. ३. पाला पाठवू नकोस. अंगणात वाकूच नकोस. गुडघे आहेत की कंबर, कधीपासून दुखतंय, दाखवलंस का कुणाला, एवढं लिही. आणि 'मी अगदी ठीक आहे' असं लिहायचं नाही. पाच वर्षांचे कागद काढून बसलेय, सतरा नंबरचं पीक दर पार्सलला वाढत गेलंय.