सुषमाकडचं जेवण

१२ जाने., सोम.
ऑपरेशनला दीड महिना. पित्ताशय गेलं, खडे गेले, दुखणं गेलं. पण जरा तेलकट खाल्लं की दहा मिनिटांत संडास गाठावा लागतो. डॉ. म्हणतात, "थोडं थोडं खा, तेल-तूप कमी. बसेल हळूहळू." किती हळू, ते सांगत नाहीत. बोरिवलीहून अंधेरीला ऑफिसात पोचेपर्यंत पोटात चहासुद्धा नको वाटतो.
डबा आता जागेवरच. मऊ भात, पडवळ. सुषमाने दोनदा बोलावलं. म्हटलं, काम आहे. अकरा वर्षं एका टेबलावर जेवलो आम्ही.

१५, गुरु.
सुषमाचं भांडुपला नवं घर. रविवारी बुद्धवंदना, मग जेवण. "नाही आलीस तर बघ हं!" जाणार. खायचं काय, ते तिथे बघू.

१८, रवि.
बसची भीती, म्हणून सकाळपासून उपाशी. घर छान. एकच खोली, तीसेक माणसं, संडासाचं दार पंगतीला लागून. मटणाच्या रश्श्यावर तेलाचा तवंग. तिच्या आईने स्वतः ताट आणलं. सगळे बघत होते. तोंडातून निघून गेलं, "आज उपवास आहे माझा."
आई ताट धरून जरा उभी राहिली. मग "बरं, बाई" म्हणाली आणि वळली. मी पाणीसुद्धा प्यायले नाही.

१९, सोम.
सुषमा: "काल कुठला उपवास होता गं? मी कॅलेंडर बघितलं." मी फाइल उघडली. "आई विचारतेय, तुझी मैत्रीण आपल्याकडचं खात नाही का? काय सांगू तिला?"
मी मनोरीची कोळीण, ती बौद्ध. अकरा वर्षांत हे कधी मध्ये आलं नव्हतं. निदान मला तसं वाटायचं.

२२, गुरु.
सु. बोलत नाही. बेसिनवर शेजारी डबा धूत होती, वर बघितलं नाही. चार दिवसांत कामाशिवाय कोणाशी बोलले? दूधवाल्याशी. "उद्या नको." बस.
वहिनीचा मनोरीहून फोन. "सुकी मच्छी पाठवू?" पाठव म्हटलं. खाणार कोण…

२३, शुक्र.
डबा घेऊन सरळ तिच्यासमोर बसले. "मला लगेच संडासला लागतं गं. दार तिथेच होतं. सगळ्यांसमोर लाज वाटली."
सुषमाने भाजी चिवडली. "कानात सांगायचं ना मग."
"हो."
"आणि उपवासच का सुचला तुला?"
मी डब्याचं झाकण लावलं.
"रविवारी येऊन आईला सांगू?" विचारलं. हो म्हणाली नाही. नको पण म्हणाली नाही.

२५, रवि.
फोनवर लिहितेय. बस पवईला अडकलीय. पोट ठीक आहे. तिच्या आईसमोर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते जुळत नाही.