या वेळी व्याख्यान नको

ठाकुरद्वार, गिरगाव
रविवार, ता. २० जानेवारी १९५७

तीर्थरूप अप्पांना,

राजलक्ष्मीचा नमस्कार. सुभद्राआत्याकडच्या कोरड्या हवेत तुमचा खोकला उतरला असेल. इथे आई मजेत आहे. तुम्ही नाशिकला गेल्यापासून घर फार शांत झालंय. शेजारच्या कमलाबाई परवा विचारायला आल्या, तुमचा रेडिओ बिघडला का? आपल्याकडे रेडिओ नाही हे त्यांना तेव्हा कळलं.

माझं शिक्षकीचं बी.टी. ठीक चाललंय. तुम्ही जन्मभर शाळेत इतिहास शिकवलात, म्हणून आमच्या गुर्जरसरांचा तास तुम्हाला सांगायलाच हवा. विषय होता 'व्याख्यानपद्धतीचे दोष'. सर खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि सांगू लागले. "लिहा. व्याख्यानात विद्यार्थी निष्क्रिय राहतो, स्वल्पविराम, त्याचे लक्ष उडते, स्वल्पविराम, आणि त्यास शंका विचारण्याची संधी मिळत नाही. पूर्णविराम."

माझ्या मागच्या बाकावर परब म्हणून एक विद्यार्थी असतात. त्यांनी हात वर केला. "सर, एक शंका होती."

"नंतर," सर म्हणाले. "आधी मुद्दा पुरा उतरून घ्या."

मला हसू आवरेना. रुमालात तोंड खुपसून बसले. परबांना मात्र खरंच शंका होती.

मग आमचे सरावपाठ लागले. मला लालबागच्या एका शाळेत सातवीचा वर्ग मिळाला, विषय शिवाजीमहाराजांचं अष्टप्रधान मंडळ. मी तुमचीच मुलगी, अप्पा. पाठ थेट तुमच्या थाटात बसवला. तुमच्यासारखी एक हात मागे बांधून उभी राहिले आणि "मुलांनो, तत्कालीन राज्यव्यवस्थेचा विचार करता" असं म्हणून सुरुवात केली. अमात्यांपर्यंत सगळं सुरळीत होतं. तेवढ्यात रस्त्यावरून निवडणुकीची मिरवणूक आली. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र," खालून आवाज आला आणि "झालाच पाहिजे!" हे माझ्या वर्गानं म्हटलं. पुढच्या क्षणी वर्ग खिडकीत. मागे बसून माझा पाठ तपासणारे गुर्जरसरही खिडकीत.

मी काय केलं असेल? मी बोलतच राहिले. रिकाम्या बाकांना सचिव सांगितला, मंत्री सांगितला. एक मुलगी तेवढी जागेवर होती. मला भरून आलं, म्हटलं, एक तरी जीव ऐकतोय. तास संपल्यावर तिला शाबासकी द्यायला गेले, तर म्हणाली, "बाई, माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या."

दुसऱ्या दिवशी त्याच शाळेत सातवीच्या दुसऱ्या तुकडीवर परबांचा पाठ होता, विषय तोच. त्यांनी पाच मिनिटं माहिती दिली आणि मुलांतूनच आठ प्रधान निवडले. म्हणाले, "शत्रू चाल करून आलाय, तिजोरीत पैसा बेताचा आहे. काय करायचं ते तुम्ही ठरवा." अमात्य पैसे सोडीना. सेनापती घोड्यांसाठी हटून बसला. सुमंत म्हणाला, आपण आधी वकील पाठवून बोलणी करू. त्यावर सेनापतीनं त्याला भित्रा म्हटलं, सुमंतानं त्याची टोपी उडवली आणि सेनापती सुमंताच्या दंडाला कडकडून चावला. हेडमास्तर धावत आले. न्यायाधीश झालेली मुलगी बाकावर उभी राहून ओरडत होती, "दोघांनाही शिक्षा!"

गुर्जरसरांचा शेरा ऐका. मला, "विषयाची मांडणी उत्तम, आवाज खणखणीत." परबांना, "वर्गात शिस्त नाही. व्याख्यानपद्धतीचा अवलंब केला असता तर बरे झाले असते."

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम त्या शाळेत गेले. माझ्या वर्गाला विचारलं, माझ्या पाठातलं काय आठवतं? मग एक जण म्हणाला, "बाई, तुमची साडी निळी होती." परबांच्या वर्गानं आठही प्रधान कामांसकट घडाघडा सांगितले. शिवाय महाराजांच्या दरबारात सेनापती सुमंताला चावला होता, हेही सांगितलं. ते आता त्यांच्या डोक्यातून कोणी काढू शकणार नाही.

ते मी हत्यारासारखं उचललं. कॉलेजच्या जिन्यातच परबांना गाठलं. म्हटलं, "तुमच्या पद्धतीनं मुलं शिकतात खरी, पण चुकीचं शिकतात. माझ्या पद्धतीनं निदान चुकीचं तरी शिकत नाहीत."

ते हसले. म्हणाले, "खरंय. मग काय करायला हवं होतं मी?"

आणि थांबले. मला वाटलं, आता स्वतःच उत्तर देतील. तर नाही. जिन्यातून मुलं वरखाली करत होती, आम्हाला धक्के बसत होते आणि ते माझ्याकडे बघत उभे होते, मी काय म्हणते ते ऐकायला. अप्पा, मला बोलायची सवयच नव्हती. आपल्या घरात प्रश्न आला की त्याच्या मागोमाग उत्तरही तुमचंच येतं. मी काहीतरी तोडकंमोडकं बोलले. ते म्हणाले, "हे मला सुचलं नव्हतं."

त्यानंतर एकदा शिवाजी पार्कच्या सभेला गेलो. आम्ही म्हणजे मी आणि परब. आईला सांगून गेले होते. हजारो माणसं धुळीत मांडी घालून दोन तास ऐकत होती, लहान मुलंसुद्धा. मी म्हटलं, "बघा, हेही व्याख्यानच." तर दत्ताराम म्हणाले, "हो, पण ही माणसं ऐकायचंच म्हणून घरून निघालीत. मुलांना आपण कोंडून ऐकवतो."

आता नाव लिहून गेलेच आहे, तर खोडत नाही.

दत्ताराम परब काळाचौकीला चाळीत राहतात. वडील दौलतराव गिरणीत साच्यावर कापड विणतात. बी.टी.ला येण्याआधी दत्ताराम म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवायचे, पास झाल्यावर परत तिथेच जाणार आहेत. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या आई शेवंतीबाई मला बघून आधी भांबावल्या, मग एकच विचारलं, "गो बाये, मासे खातंस मा?" मी हो म्हटल्यावर पुढचा सगळा प्रश्नच मिटला, निदान त्यांच्या बाजूनं. आम्ही दोघांनी लग्न करायचं ठरवलंय.

आईला सांगितलंय. ती थोडी रडली. मग म्हणाली, "पत्र लिही. समोर सांगायला गेलीस तर ते बोलायला लागतील आणि तुझं सांगायचं राहूनच जाईल."

तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. बिंबराजा आपल्या पूर्वजांना घेऊन माहीमला उतरला तिथपासून सुरुवात होईल. आपली प्रभूंची घराणी, आपला मान, आजोबांची पगडी. एकोणीसशे सत्तावन्न सालापर्यंत पोचायला दिवाळी उजाडेल आणि तोवर मी मान डोलावत मनात दुसरंच काही घोकत असेन. लहानपणापासून तेच करत आलेय. मला तसं करायचं नाही. रागवायचं असेल तर रागवा. पण एवढ्या वेळेस व्याख्यान नको, अप्पा. विचारा. जे मनात येईल ते विचारा.

तुमच्या पत्राकडे डोळे लावून,
तुमची राजी

*

नाशिक
ता. २५ जानेवारी १९५७

चि. राजीस,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो. सात पानं झाली. बिंबराजा दुसऱ्या पानावर आला होता. सुभद्रानं ती वाचली आणि सगळी बंबात घातली. म्हणाली, "दादा, पोरीनं काय मागितलंय आणि तुम्ही काय पाठवताय!" म्हणून हे कार्ड.

मी रागावलो आहे. ते काही इतक्यात जाणार नाही. आपल्या लोकांना काय तोंड दाखवायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

विचार म्हणतेस, तर विचारतो. चाळीतल्या दोन खोल्यांत तुझं निभेल का? तो तापट आहे का? तुझी नोकरी लग्नानंतर चालू राहील ना?

आणखी एक. मी घरात इतका बोलतो का, की माझ्या मुलीला एवढी गोष्ट मला पोस्टानं कळवावी लागावी? हे सुभद्राला विचारलं. ती हो म्हणाली. काल जेवण गेलं नाही.

खोकला बरा आहे. पुढच्या शनिवारी निघतो. रविवारी त्या मुलाला चहाला बोलाव. त्याच्या आईवडिलांनाही बोलाव. मी कितपत गप्प बसू शकेन याची खात्री देत नाही. तुझ्या आईला माझ्याशेजारी बसायला सांग.

बाकी आल्यावर बोलू. म्हणजे, तू बोल.

अप्पा