चाल: स्वतःची

३० जून २०२५, सोमवार. दुपार, दुकान.

आजपासून रोजनिशी. बियाणे कंपनीच्या फुकट डायरीत लिहितोय, प्रत्येक पानाखाली कपाशीचं बोंड आहे, त्याकडे दुर्लक्ष करायचं. ही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं तेच लिहायचं.

खरं असं की मी, शिवप्रकाश, वय एक्केचाळीस, ताडकळसच्या कृषी सेवा केंद्राचा मालक, एक जपानी कार्टून बघतो. कार्टून नव्हे, ॲनिमे. सायन्स फिक्शन. नाव 'तोमोशिबी फोर', एकूण सव्वीस एपिसोड. अंतराळात एक जुनाट दीपस्तंभ आहे. पृथ्वीवरून चाळीस वर्षं निरोप नाही. तिथली रेडिओवाली युकिनो रोज संध्याकाळी एकच धून पृथ्वीकडे पाठवते. उत्तर येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवते. तीच धून शेवटी गाणं म्हणून लागते. आधी बासरी, मग पेटीसारखं काहीतरी, मग तिचा एकटीचा आवाज. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी युरियाच्या पोत्यावर बसून रडलो. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. डोळ्यात औषध उडालं म्हणून सांगितलं.

संकल्प: रोज एकच एपिसोड. गोदामातच, इयरफोन लावून. घरी कळता कामा नये.

२ जुलै.

अनुपमाने विचारलं, गोदामात तास तास काय करता? जपानी शेतीतंत्राचा ऑनलाइन कोर्स, असं सांगितलं. तसं खोटं नाही. चौथ्या एपिसोडमध्ये दीपस्तंभावर एक हिरवी खोली आहे आणि तिच्यात मुळे लावलेत. नवरा या वयात शिकतोय म्हणून बायको खूष झाली. आईला सांगितलं. आईने देवापुढे साखर ठेवली.

साखर खाताना कसंतरीच झालं. पण खाल्ली.

५ जुलै. सकाळ.

आईने कोर्स दाखव म्हणून धरलं. शेवटी हॉलमधल्या टीव्हीवर ॲप टाकलं आणि हिरव्या खोलीचा तेवढा भाग दाखवला. दीड मिनिट. आईने विचारलं, ही पोरगी कोण? म्हणालो शास्त्रज्ञ. एकटीच राहते का तिथं? म्हणालो संशोधनात राहावं लागतं. तिचे आईबाप कुठं असतात, हा पुढचा प्रश्न आला, तेव्हा टीव्ही बंद केला.

लॉगआउट करायचं राहिलं. असू दे, कोण बघतंय.

९ जुलै.

ॲपमध्ये बग. गिऱ्हाइकांच्या गर्दीत मी अजून एपिसोड चारवरच, आणि पाच, सहा, सात यांच्यावर 'पाहिलेला' अशी खूण. वर भाषा आपोआप हिंदी झालेली. मी डबिंगच्या पूर्ण विरोधात आहे. मूळ जपानी आवाज आणि खाली इंग्रजी अक्षरं, खरा चाहता असंच बघतो. अक्षरं जरा भरभर जातात. त्यामुळे कॅप्टन युकिनोचा काका आहे की शत्रू, ते अजून लक्षात आलेलं नाही. पण भाव पोचतो.

कस्टमर केअरला कडक मेल लिहिला. तीन ठिकाणी कॅपिटल अक्षरं वापरली.

१३ जुलै, रविवार.

पेडगावचा भागवत आला होता. त्याची सासुरवाडी आमच्या गावात, म्हणून खत-औषध इथूनच नेतो. सोयाबीन पिवळं पडलंय म्हणाला. कोर्सची बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली. ओट्यावर चार जण चहा पीत बसलेले, आणि हा सगळ्यांसमोर विचारतो, "आप्पा, जपानमदी काय करायलेत ह्याच्यावर?"

फेरस सल्फेट माझ्या डोक्यामागच्या फळीवर होतं. एक फवारणी सांगितली असती तर काम झालं असतं. पण ते परभणीचा कुठलाही दुकानदार सांगेल. चौघं माझ्या तोंडाकडे बघत होते. युकिनो मुळ्यांना धून ऐकवते ते आठवलं. सांगितलं, पिकाला सकाळ-संध्याकाळ संगीत द्यायचं. फाइल तिथल्या तिथे व्हॉट्सॲपवर पाठवली. त्याने नाव विचारलं. 'कृषी ध्वनी चार' म्हणालो.

तो गेल्यावर फळीवरच्या पाकिटावर धूळ दिसली, ती पुसली. गाण्याने पिकाचं नुकसान तर होत नाही. झाला तर फायदाच.

१८ जुलै. रात्रीच्या जेवणाआधी.

बग वाढतोय. आता चौदापर्यंत खुणा. मी आठवर. कस्टमर केअरचं उत्तर: आम्ही बघतोय.

दुपारी घरी गेलो तर आई मेथी निवडत होती. डोळे लाल. काय झालं म्हटलं, तर म्हणते, त्या कप्तानानं पोरीला खरं सांगायला पाहिजे होतं. कुठल्या कप्तानानं? "असंच. मालिकेतलं." मग मात्र मी आईला चांगलं सुनावलं. या वयात असल्या रडक्या मालिका कशाला बघायच्या, त्यापेक्षा काही ज्ञानाचं बघावं, मी बघ कसा कोर्स करतो. ती मेथी निवडत राहिली.

कोणी तरी घरात शिस्तीने वागायला पाहिजे.

२१ जुलै, सोमवार.



सोमवारी आमच्या हॉलमध्ये आईचं महिला शिवभजनी मंडळ बसतं. नऊ बायका, ढोलकीवर मनकर्णाकाकू. या बायका कुठलीही चाल कानावर पडली की तिच्यात महादेवाचे शब्द बसवतात. आईला लिहिता येत नाही, फक्त सही येते, पण अशी पन्नासेक भजनं तिने जुळवलीत. मी चहाचा ट्रे घेऊन दारात होतो आणि आईने नवीन भजन धरलं. दिवा लावते, महादेवा, तू बघ न बघ, असं काहीतरी. पहिल्या चार सुरांतच ओळखलं. युकिनोची धून. बासरी थांबते तिथे ती जेवढी थांबते, तेवढीच आई थांबली.

ॲपमधला बग माझ्यासमोर मांडी घालून गात होता.

भजन संपल्यावर मनकर्णाकाकू म्हणाल्या, लय गोड चाल हाय, कुठली? आईने माझ्याकडे बघितलं. चेहरा इतका उजळलेला, मी दहावी पास झालो तेव्हा होता तसा. म्हणाली, "शिवाला इचारा. त्याला ठावं हाय."

नऊ बायका. उद्या दुपारपर्यंत अख्ख्या ताडकळसला कळलं असतं की आप्पा गोदामात कार्टून बघतो. मी म्हणालो, मला काय माहीत, कुठल्या तरी वरातीत वाजली असेल.

आई खाली बघायला लागली. मग म्हणाली, आसंल. चहा वाटताना मी तिचा कप सगळ्यात आधी दिला. तिने घेतला आणि बाजूला ठेवला.

लाज वाटते. पण माझं दुकान आहे, माझ्या शब्दावर लोक फवारणी करतात, हेही बघायला पाहिजे.

२९ जुलै.

आई एकविसाव्या एपिसोडवर आहे. मी दहाव्या. मला कळलंय हे तिला कळलंय का, ते मला कळत नाही. आम्ही दोघं त्या विषयावर बोलत नाही.

पेडगावला श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी महिला भजन स्पर्धा आहे. आईचं मंडळ तीच चाल घेऊन उतरणार. फॉर्म भरायला माझ्याकडे आणला. नियम साधे. सिनेमाची चाल चालणार नाही. बाकी चाल स्वतःची, पारंपरिक की घेतलेली ते लिहायचं, घेतलेली असेल तर कुठून तेवढं लिहायचं. आईने बोट ठेवून विचारलं, हितं काय लिवायचं? ते सिनेमा हाय का काय हाय?

सिनेमा नाहीच. 'घेतलेली, जपानी मालिका' एवढं लिहिलं असतं तर नियमात बसत होतं. पेन हातात होतं. पण हा फॉर्म पेडगावला चारचौघांत वाचला जाणार, खाली माझा मोबाईल नंबर. 'स्वतःची' लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

आई म्हणाली, "माजी न्हाई ना पण ती. त्या पोरीची हाय."

म्हणालो, इथं कोणाला माहिती आहे.

"तिला ठावं हाय की," म्हणाली, आणि सही केली. सहीला तिला वेळ लागतो. मी तोवर खिडकीतून बाहेर बघत होतो.

संकल्प: स्पर्धा झाली की आईला सगळं सांगायचं. पहिला नंबर आल्यावर आनंदात विषय सोपा जाईल.

८ ऑगस्ट.

भागवतचा फोन. सोयाबीन अजून पिवळंच. पण गडी चिवट आहे, त्याने शेतातल्या आखाड्यावर लग्नातला मोठा स्पीकर बांधलाय. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. आवाज वेशीपर्यंत जातो म्हणाला, शाळेतली पोरं पाठ म्हणायलेत, देवळातले महाराजही गुणगुणायलेत. मी सांगितलं, महिनाभराचा डोस आहे, मध्ये तोडू नका. सोमवारी स्पर्धेला येतोय, भेटूच.

सल्ला इतका मनापासून पाळणारं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार.

काल लिहिवलं नाही.

देवळासमोर मांडव. आमचा नंबर पाचवा. मी मागे खांबाजवळ बसलो. आईने सूर धरला आणि मांडवात हालचाल झाली. शाळेतली पोरं बरोबर म्हणायला लागली. मग बाया. दुसऱ्या कडव्याला अर्धं पेडगाव गात होतं. मला वाटलं, काय प्रतिसाद आहे. खरंच एक मिनिटभर असंच वाटलं. माझ्या डोक्यात तोपर्यंत प्रकाश पडला नव्हता.

मग भागवत उभा राहिला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, तो तर आनंदाने फुलला होता. मोठ्याने म्हणाला, "आरं, हे तर आपलं सोयाबीनचं गाणं हाय. ताडकळसच्या आप्पांनी दिल्यालं. जपानचं हाय." आणि बोट माझ्याकडे.

मांडव हसला. ढोलकी थांबली. परीक्षक सिताराम गुरुजींनी चष्मा लावून फॉर्म बघितला. इथं तर स्वतःची चाल लिहिलंय, म्हणाले. शांतपणेच विचारलं, हे कोणी लिहिलं?

आईने मांडवातून माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मी खाली वाकून चपलेचा अंगठा तुटलाय का ते बघत होतो. तुटलेला नव्हता.

आई माइकवर म्हणाली, "मीच लिवलं, गुरुजी. चुकलं माजं."

फक्त सही येणारी बाई. मंडळातल्या आठही जणींना ते माहीत आहे. एकीनेही तोंड उघडलं नाही. गुरुजींनी फॉर्म बाजूला ठेवला आणि पुढचं मंडळ बोलावलं.

परत येताना जीपमध्ये मनकर्णाकाकूंनी ढोलकी मांडीवर आडवी धरली होती. खड्ड्यात जीप आदळली की ती आपोआप वाजायची, आणि त्या लगेच हात ठेवून बंद करायच्या.

मी घाण वागलो. इथे तरी सरळ लिहितो. कोणी वाचणार नाही म्हणून लिहितोय, हेही त्यातलंच.

१४ ऑगस्ट.

भागवत आला. मीच त्याला बसवलं आणि सांगितलं, कोर्स वगैरे काही नाही, मी कार्टून बघतो, गाण्याचा आणि सोयाबीनचा काही संबंध नाही. फेरस सल्फेट दिलं, प्रमाण लिहून दिलं. तो रागावेल वाटलं होतं. पाकीट पिशवीत टाकत म्हणाला, फवारणी करतो, पण आप्पा, स्पीकर राहू द्या का? घरच्या बाईला सवय लागलीय.

त्याने माझी थट्टा केली असती तर बरं झालं असतं.

१८ ऑगस्ट, सोमवार.

सकाळपासून तयारी. दोन पानं लिहून काढली. मंडळ बसलं तसा हॉलच्या मध्ये जाऊन उभा राहिलो आणि सगळं बोललो. चाल जपानी ॲनिमेची आहे. ॲनिमे म्हणजे कार्टून. मी बघतो. वरातीचं खोटं होतं. फॉर्म मी भरला. आईची चूक नाही. दोन्ही पानं संपेपर्यंत थांबलो नाही.

मनकर्णाकाकू ढोलकी आवळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ठावं हाय आमाला. युकिनोची गोष्ट तुज्या आईनं, चन्नबसम्मानं, आमाला दर सोमवारी सांगितलीय, कप्तान तिचा बाप निघाला तवा आमी समद्या रडलो.

कॅप्टन तिचा बाप आहे, हे मला आज कळलं.

मी आईकडे बघितलं. ती रागावलेली नव्हती. नुसती म्हणाली, "इचारतात तवा सांगायचं असतं, शिवा. आता कुणी इचारलंय?"

मग त्यांनी जुनी चाल धरली, माझ्या लहानपणापासूनची. मी जाऊन कोपऱ्यात बसलो आणि टाळ घेतले. दोनदा ताल चुकला. आईने गाता गाताच हात पुढे केला आणि टाळ माझ्या हातातून काढून शेजारणीला दिले.

नंतर म्हटलं, शेवटचा एपिसोड दोघं मिळून बघू. हिंदीतच बघू. ती म्हणाली, नगं. आता तिथं मन लागत न्हाई माजं.

२६ ऑगस्ट. दुकान.

सगळे एपिसोड संपवले. हिंदीतून. सगळं समजलं. फक्त सव्विसावा राहिलाय. तो चौथ्या मिनिटावर थांबलेला आहे. आईने अकरा ऑगस्टला, पेडगावला निघायच्या आधी लावलेला, उरलेला आल्यावर बघू म्हणून. मी त्याला हात लावला नाही. युकिनोला उत्तर येतं का, ते आम्हा दोघांनाही माहीत नाही.

कस्टमर केअरचा मेल आला. तपास केला, तुमच्या घरातल्या टीव्हीवरूनच पाहिलं जात होतं, ॲपमध्ये दोष आढळला नाही. आता सगळं व्यवस्थित चालू आहे का, हो की नाही, यावर बोट ठेवा.

 पंधरा दिवसांत एकही आपोआप खूण झाली नाही.

'हो' वर बोट ठेवलं.