आबांचं एकवेळचं जेवण

आबा, मागच्या वर्षी तुमच्या श्राद्धाला मी सगळ्यांसमोर सांगितलं की तुम्ही दिवसातून एकदाच जेवायचात, आणि म्हणूनच नव्वदी ओलांडलीत. ते चुकीचं होतं. तुम्ही भाताला तेवढं जेवण म्हणायचात. दुपारी वरणभात झाला की तुमचं जेवण झालं. संध्याकाळी मला स्वयंपाकघरात पाढे म्हणायला बसवून तुम्ही वाडगाभर दुधातला दलिया खायचात, कधी ज्वारीची भाकरी कुस्करून. मी विचारायची, "आबा, जेवलात?" तुम्ही म्हणायचात, "छे गं, नुसतं तोंड हलवलं." वाडगा मीच उचलायची, तरी माझ्या डोक्यात तुमचा शब्दच राहिला.

बाबांना हे ठाऊक नाही. तुम्ही होतात तोवर रेल्वेत त्यांची संध्याकाळची ड्यूटी असायची. दलिया शिजवणारी आई आता नाही. बाबा सत्तरीला टेकलेत, आणि त्या श्राद्धापासून त्यांनी संध्याकाळचं खाणं सोडलंय. घड्याळाचा पट्टा मनगटावर गरगर फिरतो. उठताना भिंत धरतात. इथले हिंदी बोलणारे डॉक्टर म्हणाले, "अंकलजी, शाम को भी कुछ लिया करिए. इस उम्र में वजन गिरना ठीक नहीं." बाबा म्हणाले, "हमारे पिताजी नब्बे पार गए, बिना रात के खाने के. आपके?" डॉक्टर हसले. मला हसता आलं नाही.

घरी येऊन मी दलियाचं सांगितलं.

"तू तेव्हा एवढीशी होतीस."

"मला आठवतंय, बाबा. मागच्या वर्षी मी चुकीचं बोलले."

"तेव्हा बरोबर बोललीस. आता माझी काळजी वाटते म्हणून फिरवतेयस."

रोज संध्याकाळी मी दूध तापवून त्यांच्यापुढे ठेवते, आणि ते तसंच राहिलं की त्यालाच विरजण लावते.

दलियामुळे तुम्ही एवढं जगलात, असंही माझं म्हणणं नाही. कशामुळे जगलात ते मला माहीत नाही; मागच्या वर्षी मात्र माहीत असल्यासारखी बोलले. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. चारचौघांत बोलायला मला भीती वाटते, म्हणून आधी तुम्हाला सांगून पाहिलं. पण सगळ्यांसमोर बोललेलं सगळ्यांसमोरच मागे घ्यावं लागेल, एरवी बाबा ऐकायचे नाहीत. तुमची तिथी येत्या गुरुवारी आहे, भाद्रपद वद्य सप्तमी. गरौठा गावाहून काका येतील. त्या दिवशी सांगेन, पानं वाढून झाल्यावर, बाबांनी पहिला घास घ्यायच्या आधी.