काटकी बॅट फिरवत नाही

रविवार, २२ जानेवारी १९८९
साखर कारखान्याची वस्ती, सान पेद्रो

माझ्या लेयोला,

आशीर्वाद. तू मागितला नाहीस तरी घे. दोन वर्षांचे साठलेत, ठेवू कुठे? मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याची खोड माझ्यासारखीच, ऐकायला कोणी असलं की जास्त. कोंबड्या बऱ्या आहेत. कारखाना सुरू झालाय, त्यामुळे हवेला मळीचा वास आणि वाळत घातलेल्या चादरींवर काजळी.

तू मजेतच असशील. अमेरिकेहून तुझं नाताळचं कार्ड मिळालं, ते बर्फातल्या घराचं. दिग्नाने वाचून दाखवलं, ‘मी मजेत, संघ मजेत, काळजी नको.’ छान झालं. संघाला माझा नमस्कार सांग.

हे पत्रही दिग्नाच लिहितेय, मागच्या गल्लीतली शिवणवाली. अक्षर सुरेख आहे म्हणतात, पण बाई शिवी लिहायला तयार नाही. तेव्हा जिथे तुला वाटेल की आजी इथे फारच मवाळ बोलली, तिथे आपल्या मनाने एक घालून घे.

आता खरी बातमी. बसला आहेस ना? लेयो, आपल्या वस्तीत पोरगा निघालाय! शेजारच्या मार्सेलिनाचा आर्नुल्फो. ज्याला तू काटकी म्हणायचास आणि मग सगळी वस्ती म्हणायला लागली, तोच. तू सराव करायचास तेव्हा उसात गेलेले चेंडू शोधून आणायचा. सतरा पुरी झाली त्याला. अंगावर मांस अजून नाही, पण अख्खी वस्ती त्याच्या मागे वेडी झालीय. न्हावी तर गिऱ्हाईक खुर्चीत सोडून मैदानावर पळतो. परवा एक जण अर्धंच डोकं भादरलेलं घेऊन सामना बघायला आला, आणि कोणी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नाही, म्हणजे विचार कर.

दिग्ना विचारतेय, असं करतो तरी काय तो पोरगा? इथे जन्माला आली आणि हिला बेसबॉल कळत नाही! लिही बाई, तुझ्याच ज्ञानासाठी लिही. पिचर चेंडू टाकतो. चांगले तीन हुकले की बाद, आणि वाईटावर बॅट फिरवून हुकलास तर तोही त्यातच धरतात. पण त्याने वाईट टाकले आणि तू बॅट हलवलीच नाहीस, तर अशा चार वाईट चेंडूंवर तुला चालत पहिल्या बेसवर जायला मिळतं. फुकट. तर हे फुकटचं आपल्याकडे कोणी घेत नाही. पोरांना वाटतं, अमेरिकेचा माणूस येतो तो ठोकणाऱ्याला बघायला, चालणाऱ्याला कोण विमानात बसवणार? म्हणून दिसेल त्यावर बॅट फिरवायची. तू तर डोक्यावरून जाणाराही सोडायचा नाहीस. आठवतं? एकदा टोपी उडाली होती तुझी.

आणि ही काटकी नुसती उभी! नोव्हेंबरातला पहिला सामना, मार्सेलिनाने सांगितलेला. पिचर बाहेर टाकतोय, जमिनीवर टाकतोय, हा बघतोय. लोक पेटले. “अरे फिरव! झोप लागली का?” “आईने बॅट दिलीय की मेणबत्ती?” तांक्रेदो, वाण्याचं दुकान चालवतो म्हणून स्वतःला संघाचा मालक समजतो तोच, तो तर कुंपणावर चढून ओरडला, “चालायचंच असेल तर पोस्टात नोकरी धर!” काटकी शांतपणे बॅट खाली ठेवतो आणि चालत बेसवर जातो. पुन्हा येतो, पुन्हा चालत जातो. मार्सेलिनाने पदर नाही म्हणून टोपलीच तोंडावर धरली.

शेवटी पिचरच वैतागला. टाकला एक बरोबर मधोमध. लेयो, तो आवाज! मी घरी मासा तळत होते, मला ऐकू आला. चेंडू कुंपणावरून गेला, रस्त्यावरून गेला आणि थेट उसाच्या गाडीच्या डब्यात पडला. इंजिनवाल्याने शिट्टी मारली ती फाटकापर्यंत बंदच केली नाही. चेंडू उसाबरोबर गाळला गेला असणार. यंदाच्या साखरेत चामडं लागलं तर कोणी तक्रार करू नये.

तेव्हापासून माणसं बदलली. आता वाईट चेंडू पडला की अख्खं मैदान मोजतं, एक! दोन! तीन! आणि चौथ्याला बायका पातेल्यांची झाकणं बडवतात, ढोल सुरू होतो, म्हातारे नाचतात. कशावर नाचतात? तर पोरगा चालतोय म्हणून! रस्त्यावरची कारटी काठीने बाटलीची झाकणं मारत खेळतात ना, त्यांचा खेळ आता संपतच नाही. प्रत्येक कारटं बगळ्यासारखं उभं. टाकणारा रडकुंडीला येतो, “मार ना!” “चांगलं टाक मग!” अंधार पडतो, आया कान धरून घरी नेतात, तरी पहिलाच डाव.

मला वाटायचं, हे शहाणपण या पोराच्या डोक्यात आलं कुठून? बाप ऊस तोडतो, आई कपडे धुते, आणि तांक्रेदोच्या डोक्यात शहाणपण असतं तर ते आजवर कधीतरी बाहेर दिसलं असतं.

थांब, पाणी पिते.

दिग्ना म्हणतेय, आता बोला काय बोलायचं ते. बोलते.

नाताळच्या आधी मी मार्सेलिनाकडे भात घेऊन निघाले होते, नारळाच्या दुधातला, तुरीच्या दाण्यांचा, तुला आवडतो तो. अंगणात पोचले आणि आतून तुझा आवाज आला. तुझा! “ऐक काटक्या,” असा. माझी एक चप्पल कुंपणाशीच राहिली. ताट कुठे गेलं ठाऊक नाही, कोंबड्यांना विचार. आत शिरले, “कुठाय? कुठाय तो?” आर्नुल्फो खाटेवर एकटाच, तोंड पिठासारखं पांढरं, आणि बोट टेपरेकॉर्डरच्या बटणावर.

मी म्हटलं, “बंद केलंस तर बोट मोडीन.”

त्याने तुझी कॅसेट पहिल्यापासून लावली. मी उभ्यानेच ऐकली. तू म्हणत होतास, बाहेरचा खालचा चेंडू पिचर तुला टाकत नसतो, तो लोकांच्या ओरड्याला टाकतो. लोक ओरडतात आणि हात आपोआप जातो. माझा गेला, म्हणालास. तिकडे आठवड्याभरात सगळ्या पिचरांना कळलं, मग मला चांगला चेंडू कोणी टाकलाच नाही. तू उभा राहा. चालत जा. चालत गेलं तरी माणूस पोचतो. आणि मग म्हणालास, आता मी मासळीच्या कारखान्यात असतो काटक्या, दिवसभर काटे काढतो आणि मनातल्या मनात तो एकच चेंडू पुन्हा पुन्हा सोडून देतो.

कळलं आता, संघाला नमस्कार का सांगितला ते?

मला आधीपासून शंका होती रे. रेडिओवाला आपल्या बेटावरच्या प्रत्येक पोराचं नाव घेतो, तिकडे पाण्याची बादली उचलणाऱ्याचंसुद्धा. तुझं नाव गेल्या उन्हाळ्यापासून नाही. तरी मी रेडिओजवळ बसायची. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू दुसरं कार्ड पाठवलं असतंस.

पण एक सांग मला. ज्याला वाचता येतं त्या पोराला तू कॅसेट पाठवतोस, तासभर बोलतोस. आणि जिला आयुष्यात एक अक्षर कळलं नाही त्या आजीला लिहिलेलं कार्ड! हे तुला अमेरिकेत शिकवलं की तुझं तुलाच सुचलं? (दिग्ना, इथे ती शिवी लिही. नाही? बरं, जागा सोड.)

आर्नुल्फो अदबीने म्हणाला, “दोन्या ओब्दुलिया, त्याने शपथ घातलीय. कोणाला सांगायचं नाही, आणि तुम्हाला तर मुळीच नाही.” मग मीही शपथ घेतली, आणि एक महिना पाळली. हसू नकोस. मला काय झालं असेल ते मलाच माहीत. दुकानात तांक्रेदो रोज नवा शहाणपणा करायचा आणि मी रताळी निवडत बसायची.

आता काल. काल आल्ताग्रासिया माउलीचा सण, सगळे घरी, आणि नेमका अमेरिकेच्या संघाचा माणूस काटकीला बघायला आला. क्यूबाचा आहे, आपल्यासारखाच बोलतो, वेताची टोपी घालतो. मैदानात मुंगीला जागा नव्हती. पहिल्या खेपेला काटकी चालत गेला. माझ्या शेजारी तांक्रेदोला घाम. “दोन्या, तो बघायला आलाय आणि हा फिरायला निघालाय!” दुसऱ्या खेपेला तीन वाईट आले, मग दोन चांगले आले, ते याच्या हातून हुकले. आता एक जरी चुकला तर बाद. आणि लेयो, मैदान गप्प झालं. कोणी ‘फिरव’ म्हटलं नाही. ढोलवाल्याने हात ढोलावर नुसता टेकवून ठेवला. चेंडू आला, बाहेरचा, खालचा, अगदी लाडीगोडी लावत आला. पोराचा खांदा हलला. बॅट नाही हलली. चार! मी किंचाळले म्हणे. माझ्या वयाला शोभत नाही, असं दिग्नाचं मत आहे. ती आलीच नव्हती.

तिसऱ्या खेपेला मधोमध आला. तो अजून खाली यायचा असेल.

तो क्यूबावाला टोपी काढून म्हणाला, “मारायला मी कोणालाही शिकवीन. याला सोडायला कोणी शिकवलं?”

तांक्रेदो म्हणाला, “मी!”

तरी मी गप्प बसले, आल्ताग्रासिया माउलीची शपथ. संध्याकाळी पोराचं नक्की झाल्याचं कळलं, दुकानासमोर अख्खी वस्ती जमली, कर्ण्यावर गाणी, बर्फाच्या टबात बाटल्या. तांक्रेदो खोक्यावर चढला. “मी याला लेयोसारखा होऊ दिला नाही! लेयो तर कबुतर उडालं तरी बॅट फिरवायचा!” सगळे हसले. आर्नुल्फोने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मग मी जे केलं ते तुला सांगायचंय. मार्सेलिनाच्या घरात जाऊन कॅसेट घेऊन आले. पोरगा आडवा आला. “दोन्या, नको. शपथ!” मी म्हटलं, “माझी मी मोडते. तुझी तू शाबूत ठेव.” आणि तांक्रेदोचं गाणं काढून तुला लावलं. कर्ण्यावर.

सगळ्यांनी सगळं ऐकलं, लेयो. चेंडूचं ऐकलं, मासळीचं ऐकलं, संघाने सोडल्याचं ऐकलं. शेवटी तू म्हणालास ना, आजीला सांगू नको, ती रेडिओजवळ बसत असेल, तेही ऐकलं. बाटलीसाठी बर्फात घातलेला हात न्हाव्याने तसाच ठेवला. मला वाटलं, ओब्दुलिये, पोराची उरलीसुरली लाज तू चव्हाट्यावर मांडलीस.

तांक्रेदो खोक्यावरून उतरला. म्हणाला, “परत लावा.”

परत लावली. मग पुन्हा. चौथ्यांदा लावली तेव्हा भांडणं सुरू झाली होती, लेयो खांद्याबद्दल काय म्हणाला आणि गुडघ्याबद्दल काय. न्हावी म्हणतो असं, मार्सेलिनाचा नवरा म्हणतो तसं. शेवटी तांक्रेदोने दुकानातला झाडूचा दांडा आणला, दिव्याखाली उभा राहिला आणि म्हणाला, “टाका.” कोणीतरी बाटलीचं झाकण टाकलं. त्याने सोडलं. मग रांगच लागली. पोटं सुटलेले, पाठी वाकलेले बाप्ये एकामागून एक दांडा धरून उभे राहतायत आणि काहीही न मारता टाळ्या घेतायत! संघाने तुला का सोडलं, हे कोणी विचारलं नाही. आपण काय ओरडायचो ते सगळ्यांना आठवत असावं. मला एकच विचारत होते, कधी येतोय तो?

जाताना तांक्रेदो माझ्याजवळ आला. म्हणाला, “कबुतराचं बोललो ते त्याला कळवू नका, दोन्या.” म्हणून कळवलं.

आर्नुल्फो मार्चमध्ये जातोय. काल रात्रीपासून सगळे त्याला खांद्यावर घेतायत आणि तो भेदरलाय. इथला गलका त्याच्या ओळखीचा आहे, तिकडचा नाही. त्याला विचारायचंय की तिकडे पहिल्या दिवशी कोणाशी बोलायचं, हरल्यावर जेवायला कुठे बसायचं. कॅसेटला प्रश्न विचारता येत नाही. जाण्याआधी तू आठवडाभर जाळीमागे उभं राहावंस असं त्याला वाटतं. तो स्वतः म्हणणार नाही, त्याला तुझी भीड वाटते. मला वाटत नाही.

तू म्हणशील, काय तोंड घेऊन येऊ? आहे ते घेऊन ये. अंगाला मासळीचा वास येतो म्हणशील, तर मी साठ वर्षं मळीचा वास घेतेय, नाक केव्हाच गेलंय.

मी सगळ्यांना सांगून टाकलंय, लेयो फेब्रुवारीत येतोय. मार्सेलिनाने खाट बाहेर काढून ढेकूण मारलेसुद्धा. दिग्ना म्हणते, त्याला न विचारता कसं सांगितलंत? मी काय उत्तर देणार तिला. तूच ये आणि दे.

खालची फुली माझ्या हातची आहे. कागद दिग्नाने धरला, पण फुली मी काढली, आणि दुसऱ्या दमात काढली, पहिल्यांदा हात हलला.

कुठल्याही संघात नसलेल्या माझ्या पोराची वाट बघते.

आजी
×