दाढ काढल्यावरचा पहिला सूर

शनिवार, ७ मार्च १९९८

गोठ्याचं फाटक, आईचा देव्हारा, कडबा कापायचा अडकित्ता आणि शिसवी सनई. एवढं माझ्या हातचं, कुणी न शिकवता केलेलं. दाढ मात्र स्वतःची स्वतःला काढता येईना; ती ओतूरच्या डॉक्टरांनी काढली, त्याला आज आठ दिवस झाले.

"आठवडाभर काही फुंकायचं नाही, नाहीतर खड्ड्यातून पुन्हा रक्त येईल," त्यांनी बजावलं होतं. मी चहासुद्धा फुंकून प्यायलो नाही. तो खड्डा जिभेला रुपयाएवढा लागायचा, आरशात पाहिला तर तुरीच्या दाण्याएवढा. जिभेचं माप खोटं.

सोमवारी मेव्हणा आला, सुजलेला गाल बघून म्हणाला, "दाजी, दाढ गेली की गालात हवा ऱ्हात न्हाई. आता सनई मला इकून टाका." हसण्यावारी नेलं, पण मनातून जाईना. खरंच हवा राहिली नाही तर?

आज दिवस मावळताना गोठ्यामागे बसून फुंकली. पहिला सूर फाटला. खड्ड्यावरून जीभ फिरवली, रक्त नाही. पुन्हा गाल भरला आणि सूर सरळ निघाला, घड्याळावर बावीस सेकंद. दाढ होती तेव्हा अठराच्या पुढे जात नव्हता. म्हणजे इतके दिवस दुखऱ्या बाजूला जपून फुंकत होतो की काय?

"ह्या आवाजानं म्हशीनं दूध चोरलं तर धार तुमीच काढा," ही गोठ्यातून ओरडली. काढीन म्हटलं, पण आधी तुझ्या भावाला निरोप धाड, सनई विकायची नाही. अडीच हजार देत होता.