अप्पांचं लाल बटण

अक्का,

कॉम्प्युटर बंद करू नकोस. मी नवी वायर आणायला राजारामपुरीत जातोय. तू येईस्तोवर शेजारच्या बनामावशी अप्पांजवळ बसल्यात.

टीव्ही गेमची जॉयस्टिक ह्या जुन्या कॉम्प्युटरला चालावी म्हणून मी तिच्या वायरी बदलून जोडल्या, तेव्हा तू हसलीस. पण अप्पांचं अंग लुळं पडून वाचा गेल्यापासून तेवढाच आधार हाय. त्यांनी हातातल्या जॉयस्टिकचं लाल बटण अंगठ्यानं दाबलं की कॉम्प्युटर वाजतो आणि आपण पळत जातो.

आज सकाळी एका वायरीचा सोल्डरचा डाग सुटून जोड निघालेला. आवाज न्हाय म्हणून मला वाटलं झोपलेत, आणि मी निवांत पेपर वाचत बसलो. तासाभरानं आत गेलो, तर उशीवरनं घसरून तोंड भिंतीला दाबलेलं, श्वास अडकत होता, आणि अंगठा बटण दाबतोच हाय.

सरळ करून उशीवर घेतलंय, आता श्वास नीट हाय. डाग परत दिलाय, पण वायर जुनीच हाय. भरवसा धरू नकोस. घडीघडी बटण दाबून बघ. नवऱ्याचं असं झालेलं ऐकून अव्वा घाबरंल, तिला काही बोलू नको, माझं मी सांगीन.

घर शांत वाटलं, तर आधी अप्पांचा अंगठा बघ.

अमरेश